सोपा गडी

पुण्याच्या लष्कर भागातल्या आमच्या बॉक्सिंग क्लबात भिंतीवर जुन्या नामांकित खेळाडूंचे फोटो आहेत. दौलत भालेरावचा तेवढा नव्हता. म्हातारपणी त्याची ती एकच इच्छा उरली होती.

वर्धापनदिनी जुने खेळाडू हौसेने मैत्रीची एक फेरी खेळतात. अध्यक्ष जहागीरदार स्वतः माजी विजेते. त्यांनी समोर खेळायला भिंतीवरच्या फोटोंपैकीच एक, फर्नांडिस, निवडला होता. आम्ही देणगीदार पुढच्या रांगेत. तिथूनच बाबूशेठ गुगळ्यांनी दौलतच्या फोटोचा विषय काढला.

"अहो, तो कसला बॉक्सर!" अध्यक्ष म्हणाले. "मान खाली, कोपरं बाहेर, पोतं कोसळावं तसा अंगावर यायचा. फर्नांडिसचा खेळ बघा, नुसतं संगीत!"

"खरंय," बाबूशेठ म्हणाले. "मग साहेब, या वयात एवढ्या मोठ्या बॉक्सरशी कशाला खेळता? सोपा गडी घ्या. दौलतला घ्या."

रिंगणाजवळच बसलेला दौलत ग्लोव्हज चढवू लागला.

अध्यक्षांनी जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं. "आज माझा गुडघा दुखतोय."

"फर्नांडिसशी खेळताना दुखणार नव्हता होय?"

सगळा हॉल हसला. अध्यक्षांनी नकळत बरगडीवरून हात फिरवला आणि शिपायाला खिळा-हातोडी आणायला सांगितली.