भोंगा वाजवू का?

टाकळी खुर्दात शहाणी माणसं खंडीभर होती आणि भोळा एकच होता. त्याचं नाव हिरामण. वय बत्तीस, मिशा झुपकेदार, अक्कल बेताची. पण मन इतकं निर्मळ, की त्याच्यावर रागावणाऱ्यालाच लाज वाटावी.

हिरामणचे मामा, यादवमामा, चोरीची वर्दी देणारे बॉक्स बसवायचे. भिंतीवर लावायचा एवढासा डबा, आत मोबाइलसारखंच सिमकार्ड. चोर शिरला की डबा मेसेज करतो. शिवाय त्याला चार तारा. कुठली तार कधी चालू व्हावी आणि किती वेळ, ते मोबाइलवरून ठरवून द्यायचं. मग तारेला भोंगा जोडा, पंखा जोडा, मोटार जोडा, डबा सांगितलं तेवढंच करतो. सांगितलं तेवढंच करणारा डबा आणि सांगितलं तेवढंच करणारा भाचा मामांच्या नशिबी एकदम आले.

हिरामणला पगाराची फिकीर नव्हती. मामांच्या तोंडून एकदा "शाब्बास" ऐकायचं, एवढीच त्याची हौस.

पहिलं काम किराणा दुकानाचं. मामा म्हणाले, "दार उघडलं की भोंगा चालू झाला पाहिजे." हिरामणने चालू करायचं ठरवून दिलं. बंद करायचं मामा काही बोलले नव्हते. मालक लग्नाला गेले आणि मागचं दार वाऱ्याने उघडलं. भोंगा सकाळी नऊला सुरू झाला तो दुपारी चारपर्यंत. शाळा सोडून द्यावी लागली. म्हशींनी दूध दिलं नाही. ग्रामसेवक कानात कापूस घालून तालुक्याला निघून गेले.

"सांगितलं तसंच केलं, मामा," हिरामण म्हणाला.

"अरे, चालू झालं की तीन मिनिटांत बंद झालं पाहिजे! लिही वहीत."

हिरामणने लिहिलं.

दुसरं काम सखूबाईंच्या कोंबड्यांच्या शेडचं. उकाडा वाढला की पंखे चालू. हिरामणने वही उघडली. पंखे तीन मिनिटं फिरले आणि गप्प झाले. वैशाखाचं ऊन. दोन हजार कोंबड्या चोची वासून बसल्या आणि सखूबाई सुपाने वारा घालत बसल्या. दोन हजार कोंबड्या आणि सूप एक. मामा धावत आले म्हणून कोंबड्या वाचल्या.

"सांगितलं तसंच केलं, मामा."

"ते भोंग्याचं होतं रे बाबा! माणूस येऊन बंद करत नाही तोवर चालूच राहू द्यायचं!"

हिरामणने आधीचं खोडलं, नवं लिहिलं.

तिसरं काम गावच्या पाण्याच्या टाकीचं. टाकी रिकामी झाली की मोटार चालू. मोटार चालू झाली. माणूस येऊन बंद करणार, तर पाणी सोडणारे नाना साडूच्या दहाव्याला गेलेले. टाकी भरली, वाहिली, आणि पाणी उताराने चंद्रभागाकाकूंच्या अंगणात शिरलं. काकूंनी लुगड्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. वर्षाच्या कुरडया तरंगत मारुतीच्या देवळापर्यंत गेल्या. काकू मात्र लाटणं घेऊन मामांच्या दारापर्यंत आल्या.

काकू गेल्यावर मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, ज्याच्या अंगावर जाणार त्याला आधी विचारावं की नाही? तो 'हो' म्हणाला तर चालू करावं, 'नको' म्हणाला तर गप्प बसावं. एवढी साधी माणुसकी नाही तुला?"

माणुसकीचं नाव काढल्यावर हिरामणचे डोळे भरून आले. हे त्याने वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

चौथं काम मामांच्या स्वतःच्या दुकानाचं. साखर कारखान्यात बसवायचे बारा नवे बॉक्स दुकानात येऊन पडले होते. मामांची वर्षाची भिस्त त्यांच्यावर. "भाच्या, हे चुकलं तर मी धुळीला मिळालो," मामा म्हणाले. "आणि हे साधलं तर भर चौकात तुला शाब्बास म्हणेन."

हिरामण वही घेऊन विचार करत बसला. भोंगा कोणाच्या अंगावर ओरडणार? चोराच्या. मग विचारायचं कोणाला?

टाकळीत चोर एकच होता, लहानू. पाच वेळा आत जाऊन आलेला. हिरामणने त्याचं दार वाजवलं. लहानू आधी मागच्या दाराने पळाला, मग काम समजल्यावर पुढच्या दाराने आला.

"तुमचा मोबाइल नंबर द्या," हिरामण म्हणाला. "काहीही करायच्या आधी डबा तुम्हाला विचारेल."

"भोंगा वाजवायच्या आधी?"

"भोंगा, दिवा, पंखा, शटरचं कुलूप. चारही तारा. तुमच्या 'हो'शिवाय काही व्हायचं नाही."

लहानूने त्याचे दोन्ही हात धरले. "हिरामणदा, आजवर मला कोणी काही विचारलं नाही हो." आणि त्याने चहा केला.

गुरुवारी मामा आणि हिरामण कारखान्यात जागा बघायला गेले. दुपारी परतले तर शटर सताड उघडं. आत दिवा चालू, पंखा चालू, आणि फळीवर एकही बॉक्स नाही. मामांनी भिंतीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"डबा ओरडला कसा नाही?"

डब्याच्या मेसेजची नक्कल हिरामणलाही येत असे. त्याने घाईघाईने मोबाइल काढला आणि ते मोठ्याने वाचू लागला.

"शटरला हात लागला की डबा विचारतो, 'कुलूप उघडू का?' उत्तर, 'हो.' मग, 'भोंगा वाजवू का?' उत्तर, 'नको.' मग, 'दिवा लावू का?' 'हो.' 'पंखा लावू का?' 'हो, फार उकडतंय.' बघा मामा, एकदाही न विचारता काही केलं नाही!"

हिरामण शाब्बासकीची वाट बघत उभा राहिला. तेवढ्यात मोबाइल पुन्हा वाजला. हिरामणने वाचलं आणि आनंदाने उडीच मारली.

"मामा, नवं गिऱ्हाईक! लहानूभाऊ म्हणतात, काम एक नंबर झालं, माझ्याही घरी असाच एक बॉक्स बसवून द्या. हल्ली घरात किमती माल असतो म्हणे. आणि आपल्याला काही न्यायलाही नको, मामा. बॉक्स त्यांच्याकडे बारा आहेत!"