महाराजांचा बिनतारी माउस

“हात न लावता सांगा!” रणधुमाळ महाराजांनी सिंहासनावर मूठ आपटली. “हा माउस रोजच्या वापराला बरा की नाही, एवढंच सांगायचं. पण त्याला कुणा पंडिताचा हात लागता कामा नये, की कुणा नोकराचा! भारीतला आहे तो!”

चांदीच्या पेटीत, मखमलीवर, तो बिनतारी माउस ऐटीत बसला होता. दूरदेशीच्या सौदागराने तो आणला, महाराजांनी हौसेने घेतला आणि घेतल्यावर त्यांना शंका आली. आधी लग्न लावायचं आणि मग पत्रिका बघायची, ही अडेलगडच्या राजांची जुनीच रीत!

पहिल्या पंडिताने पेटीवरची जाहिरात खड्या आवाजात वाचून दाखवली. दुसऱ्याने माउसची जन्मवेळ विचारली. तिसऱ्याने मांजर आणून पेटीसमोर सोडलं. मांजराने पेटीला अंग घासलं आणि तिथेच ताणून दिली.

“हाकला यांना! मांजरासकट!” महाराज कडाडले. तेवढ्यात त्यांची नजर पेटी धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या हुजऱ्यावर गेली. “धोंडजी, पेटी तू धरलीस, तर उत्तरही तूच दे. दिवेलागणीपर्यंत! नाहीतर उद्यापासून राजवाड्याची पायरी चढायची नाही!”

धोंडजीचा उभा जन्म राजवाड्यात गेला, आता या वयात जायचं कुठे? तो पेटी घेऊन तडक आपल्या लेकीकडे, हौसाकडे गेला. हौसा राजवाड्यात शिवणकाम करायची. हत्तींच्या झुली तीच शिवायची. महाराजांच्या जुन्या, वायरवाल्या माउसला थंडी वाजू नये म्हणून त्यालाही एक जरतारी झूल तिनेच शिवली होती; महाराज ती न काढताच माउस चालवायचे.

“आबा, रडताय कशाला?” सगळं ऐकून हौसा म्हणाली. “महाराज जेवून आडवे झाले का?”

“घोरतायत की!”

“मग स्वयंपाकघरातनं सांडशी आणा. पळा!”

महाराजांची वामकुक्षी आटोपली आणि ते सिंहासनापुढच्या संगणकावर फर्मानं काढायला बसले. रोज या वेळी महाल दणाणायचा. माउसची वायर महाराजांच्या मोत्यांच्या माळेत अडकायची, ती सोडवताना चहा लवंडायचा, पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळायचा. मग महाराज माउस चौरंगावर आपटत ओरडायचे, “अरे मेल्या, हल की!”

आज मात्र चिडीचूप! ना आपटणं, ना शिव्या. प्रधानजी कासावीस झाले. राणीसाहेबांनी घाईघाईने राजवैद्यांना पाठवलं.

“महाराज, नाडी बघतो. उजवा हात द्या.”

“डावा घ्या, उजवा कामात आहे!” महाराज खुशीत म्हणाले आणि दुसरा कप चहा गरमागरम प्यायले. वैद्यबुवांनी काळजीने मान हलवली.

दिवेलागण झाली. दरबार भरला. धोंडजीने पेटी पुढे केली. महाराजांनी झाकण उघडलं, तर पेटी रिकामी!

“चोरी!” महाराज ताडकन ओरडले आणि बसल्या जागी माउसवर टिचक्या मारत त्यांनी फर्मान काढलं. “वेशी बंद! चोराला धरा!”

“महाराज, चोर इथंच आहे,” हौसा पुढे येऊन म्हणाली. “त्याचा उजवा हात धरा, म्हणजे मालासकट सापडेल!”

“कोण तो?”

“तुम्हीच!”

महाराजांनी चटकन हात उचलला. हौसाने सांडशीने झूल वर केली. खाली नवाकोरा बिनतारी माउस!

“काखेत कळसा...” प्रधानजी पुटपुटले आणि पुढचा गावाला वळसा त्यांनी घाईने गिळला.

“तू हात लावलास!” महाराज गरजले.

“छे! सांडशीने उचलला, सुईच्या टोकाने चालू केला आणि झूल पांघरली. दुपारपासून हात लागलाय तो फक्त तुमचा. तुमच्या हाताला कुठं मनाई होती?”

महाराजांनी मिशी चावली. “बरं. पण वापराला कसा आहे, ते कुठं सांगितलंस?”

“ते तुम्हीच सांगितलंत की! दुपारभर ओरडला नाहीत, माळ अडकली नाही, चहा सांडला नाही. तुम्हाला बरं नाहीसं वाटून वैद्यबुवा धावत आले! रोजच्या वापराच्या वस्तूला याहून मोठा दाखला कोणता?”

“म्हणजे खोट एकही नाही?” महाराज हट्टाने म्हणाले.

“एक आहे, महाराज.”

“बघा! कोणती?”

“रोज दुपारी ओरडायला आता तुम्हाला दुसरं निमित्त शोधावं लागणार!”

मग महाराज असे खदाखदा हसले, असे हसले, की मुकुट घरंगळून चहाच्या कपावर बसला! हसता हसताच त्यांनी फर्मान लिहिलं: धोंडजीची चाकरी जन्मभर कायम, आणि हौसाला हातात घालायला सोन्याचे गोट. मग त्यांनी झुलीवर एक टिचकी मारली आणि फर्मान पहिल्याच टिचकीत निघालं.