टोकवाडीचा पहिला मान

डोंगरामागे डोंगर, आणि त्याच्याही मागे, जिथे रस्ता दमून खाली बसतो, तिथे चिमुकली टोकवाडी होती. उन्हात पिवळीधमक दिसायची. पावसाळा सरला की साऱ्या राज्यात हिवताप यायचा. राजा मनाचा चांगला होता. चांदणवेलीच्या काढ्याचे हंडे भरून तो गाड्या पाठवायचा. पण वाटप राजवाड्यापासून सुरू व्हायचं. राजधानीतले लोक तांबे भरभरून घ्यायचे आणि टोकवाडीला पोचेपर्यंत हंड्यात उरायचा नुसता वास!

यंदा वाडीतल्या हौशीचा धाकटा भाऊ गुंडू तापानं फणफणला होता. "ताई, हंडा आला का गं?" तो सारखा विचारायचा. हौशी त्याच्या कपाळावरची पट्टी बदलत राहायची.

पट्टीसाठी ती झऱ्यावर गार पाणी आणायला गेली, तर करवंदीच्या जाळीत काहीतरी लुकलुकत होतं. इवलीशी परी! तिचे मोरपिशी पंख काट्यांत अडकले होते. हौशीनं बोटं रक्ताळली तरी एकेक काटा हळूच दूर केला. पंखाची सोनेरी किनारसुद्धा तिनं फाटू दिली नाही.

"गुणाची गं माझी बाय!" परी म्हणाली. "काहीतरी माग. पण कुणा एकाचं नाव घ्यायचं नाही. आणि नवीन काही मिळणार नाही. राज्यात आहे तेच मला हलवता येतं."

हौशीला रडूच कोसळलं. गुंडूचं नाव घ्यायचं नाही, नवा हंडा मागायचा नाही, मग मागायचं तरी काय?

तेवढ्यात तिला आईची पंगत आठवली. वाडीत पंगत बसली की आई आधी पार टोकाशी जायची आणि शेवटच्या पानापासून भात वाढत यायची. "टोक बघून आलं की हाताला अंदाज येतो," आई म्हणायची. आईच्या पंगतीतून कुणी कधी उपाशी उठलं नव्हतं.

हौशीनं डोळे पुसले. "परीमावशी, काढा टोकाच्या घरांपासून वाटू देत. तिथून राजवाड्याकडे."

"आणि राजालाच नाही पुरला तर?"

"पुरेल! टोक बघून आलेला हात बेतानं वाढतो."

"बघू हं," म्हणत परी तिच्या केसांत लपून बसली.

दुसऱ्याच सकाळी घुंगरं खळखळली. काठोकाठ भरलेले हंडे टोकवाडीत! पहिली पळी गुंडूच्या ओठांना लागली. दुपारी त्याला घाम फुटला आणि संध्याकाळी तो चक्क भाकरी मागू लागला. गाड्या मग गावागावांतून बेतानं काढा वाटत खाली उतरल्या.

काही दिवसांनी राजा स्वतः टोकवाडीत आला. "यंदा सगळ्या राज्याला पुरलं. मला शेवटची पळी मिळाली, पण मिळाली! ही अक्कल कुणाची?"

"आमच्या हौशीची!" हौशीकडून सारं ऐकलेली अख्खी वाडी ओरडली.

"माझ्या आईची, महाराज," हौशी मान ताठ करून म्हणाली.

राजानं आईला हात जोडले. "आजपासून राज्यात हीच रीत."

पाहुणा दारात आला होता, म्हणून आईनं पदर खोचला, पंगत मांडली आणि भाताचं पातेलं हौशीच्या हाती दिलं. "वाढ गं बाय."

हौशी टोकाशी गेली. केसांतून एक निळं-सोनेरी हसू उमटलं, सारं अंगण लखलखलं, आणि परी त्या उजेडात विरून गेली.

राजाच्या पानावर भात सगळ्यात शेवटी पडला. चांगला वाफाळता, आणि पोटभर.