काजळीचा ताप

त्या राज्यात नदीवर पूल नव्हता. अलीकडच्या काठावर घरं होती, पलीकडच्या काठावर बाजार, आणि साऱ्यांना पाठीवरून पार नेण्याचं काम म्हशींकडे होतं. म्हशींवर देखरेख एका गायबगळ्याची. त्याला सगळे शुभ्रराव म्हणत. फेरी निघाली की शुभ्रराव एखाद्या म्हशीच्या पाठीवर ऐटीत उभे राहून "डावीकडे, थोडं डावीकडे" असं सांगत. म्हशींना वाट पाठ होती, पण तसं कुणी बोलून दाखवत नसे.

काजळी त्यांच्यात सर्वांत ताकदीची. एके सकाळी तिला फणफणून ताप भरला. कान तापले, पाय लटपटू लागले. "आज जमणार नाही," असा निरोप तिने टिटवीबरोबर धाडला आणि डबक्यातल्या गार चिखलात अंग टाकलं.

टिटवी लगेच परत आली. "राव म्हणतात, जिवाला जपा. पण दुपारपर्यंत बरं वाटेल ना?"

"कसं सांगू, बाई?"

थोड्या वेळाने पुन्हा टिटवी. "राव म्हणतात, अर्धा दिवस तरी या. नाहीतरी पाण्यातच उतरायचंय. पाण्याने ताप उतरतो."

काजळीने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या खेपेला टिटवी जरा चाचरत म्हणाली, "राव म्हणतात, तुमचं ओझं सावळीअक्का ओढतेय. या वयात. धाप लागलीय म्हणे तिला."

हे मात्र काजळीच्या काळजाला लागलं. तिला पोहायला शिकवलं होतं ते अक्काने. ती कशीबशी उठली आणि घाटावर गेली.

"शाब्बास!" शुभ्रराव म्हणाले. "मन खंबीर असलं की ताप पळतो."

एक सशीण आपली पिल्लं घेऊन तिच्या पाठीवर चढली. काजळीने पाण्यात पाऊल टाकलं. समोरच्या एका काठाचे तिला दोन दिसू लागले. पाठीवर पिल्लं एकमेकांना बिलगून बसली होती. त्यांची इवलीशी धडधड तिला कातडीतून जाणवत होती. ती थांबली, मागे फिरली आणि काठाशी गुडघे टेकून बसली.

"उतरा, सशीणबाई. आज माझा भरवसा नाही."

"काजळीबाई, सगळे बघताहेत!" शुभ्ररावांनी पंख झाडले. "असं मध्येच सोडून जायचं?"

"मध्येच बुडण्यापेक्षा बरं," काजळी म्हणाली आणि चालू लागली.

दिवसभर ती चिखलात पडून राहिली, पण झोप लागेना. डोळ्यांसमोर सारखी धापा टाकणारी अक्का येत होती. संध्याकाळी अक्का स्वतःच लंगडत डबक्याशी आली. काजळीने मान खाली घातली.

"अक्का, माझ्यापायी तुला फार ओढावं लागलं ना?"

"तुझ्यापायी?" अक्का चकित झाली. "अगं, माझा गुडघा सुजलाय. घरी जाते म्हटलं, तर राव म्हणाले, ती काजळी तापात कामावर आली आणि तुला गुडघ्याचं कौतुक!"

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. मग अक्काला असं काही हसू फुटलं की डबक्यावर तरंग उठले.

"सरक जरा," ती म्हणाली आणि काजळीशेजारी पसरली. त्या रात्री काजळीला गाढ झोप लागली.

ही गोष्ट म्हशींमध्ये पसरायला वेळ लागला नाही. उजाडता उजाडता एक खूर दुखतो म्हणून आली, एक डोळा चुरचुरतो म्हणून. कितीतरी दिवसांचं अंगावर काढलेलं दुखणं घेऊन एकेक जण चिखलात उतरली. काजळीचा ताप उतरला होता. अंगात अजून त्राण नव्हतं, पण उन्हं कोवळी होती, चिखल गार होता आणि अक्का शेजारी संथपणे रवंथ करत होती.

डबक्यातून घाट स्पष्ट दिसत होता. टिटवी चारदा निरोप सांगून दमली आणि गवतात जाऊन बसली. मग शुभ्रराव एकटेच पाण्यात उभे राहिले, गुडघ्यापर्यंत भिजलेले. मागे बाजाराला निघालेल्यांची रांग वाढत चालली होती. सशीण पिल्लांना घेऊन पुढे झाली आणि तिने अदबीने विचारलं,

"राव, मग आज पाठ कुणाची?"

शुभ्ररावांनी लांब मान वळवली आणि सावकाश स्वतःच्या पाठीकडे पाहिलं.