काटे न कापणारा सार्थवाह

पूर्वी हरिद्रक नगरात अरिमर्द राजा राज्य करीत असता बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या, म्हणजे तांडा घेऊन देशोदेशी व्यापार करणाऱ्याच्या, कुळात जन्मला होता. त्याचे नाव धवलक. एकदा माळरानातून येताना त्याला पाय दुखावलेला एक जाहक सापडला. जाहक म्हणजे मुठीएवढा जीव. तोंड चिचुंद्रीसारखे, पाठभर काटे, आणि भ्याला की अंगाचा चेंडू करून बसणारा. पाय बरा होईपर्यंत धवलकाने त्याला टोपलीत सांभाळले.

नगरात तांडा उतरला, तशी राजकन्या कनकी टोपलीत डोकावली आणि तिने हट्टच धरला, "मला हाच हवा!"

त्या नगराची रीतच तशी होती. राजाचे मूल जाणते झाले की त्याने एक प्राणी निवडायचा आणि त्याला मांडीवर घेऊन सकाळच्या दरबारात बसायचे. प्राणी मांडीवरून उतरला तर मोठा अपशकुन. आजवर ससे झाले, मैना झाल्या, पाडसे झाली. ती पुढे किती जगली, हे कुणी विचारले नाही.

राजाने धवलकाला टोपलीसह दरबारात बोलावले. "जाहक दे. तुझ्या तांड्याला या राज्यात जकात कायमची माफ."

तांड्याचा कारभारी पिंगल याला तर आकाश ठेंगणे झाले! धवलक मात्र राजकन्येकडे वळला. "बाळ, हा दिवसभर झोपतो. चालेल?"

"मी उठवीन की!"

"दूध पाजलेस तर याचे पोट बिघडेल. याला किडे लागतात, नाकतोडे लागतात. धरशील?"

"शी! दासी धरतील."

"आणि मांडीवर घेतलेस तर भिऊन गोळा होईल. तुला टोचेल."

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. राजा हसला. "एवढेच ना? काटे कापून टाकू." लगेच राजवाड्यातला न्हावी कात्री घेऊन पुढे आला.

 धवलकाने टोपलीतल्या जाहकाचा गोळा दोन्ही हातांनी झाकला. काटे तळहातात रुतले, रक्त आले, पण हात हलले नाहीत. "महाराज, जाहक मिळणार नाही. कापायचेच असेल तर आधी माझी बोटे कापा."

"तुझा सगळा माल जप्त करीन!"

"करा."

"अहो धनी, वेड लागले का?" पिंगल कळवळला. "एका किडेखाऊ जनावरापायी सगळी मेहनत मातीत घालता?"

"माल पुन्हा जोडू, पिंगला. याच्यापाशी काट्यांवाचून दुसरे आहे तरी काय?"

कनकी जवळ आली. तिने रक्त पाहिले, बोटांच्या फटीतून थरथरणारा जीव पाहिला. "हा मला भितो?"

"भितो, बाळ."

"पण माझी माया आहे याच्यावर."

"आहे ना. पण ती करायला तू याला दिवसा जागवणार, याचे काटे काढणार. मग हा जगायचा नाही."

राजकन्येने डोळे पुसले, आपल्या आसनावर जाऊन बसली आणि म्हणाली, "दरबार चालू द्या. माझी मांडी रिकामी राहील."

"अपशकुन होईल!" पुरोहित ओरडला.

"होऊ दे! भ्यालेले जनावर मी मांडीवर घेणार नाही. आजही नाही, उद्याही नाही."

राजा तिच्याकडे पाहतच राहिला. न्हाव्याला त्याने हातानेच मागे सारले, पण माल जप्त केलाच; राजेपणाचा मान आडवा आला. धवलक रिकाम्या गाड्या घेऊन निघाला आणि वेशीबाहेर बोरीच्या जाळीत त्याने जाहक सोडला. पाय बरा झालेला तो जीव तुरुतुरु आत शिरला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे पंख छाटलेला पोपट घेऊन आज इथे आलेला हा गृहस्थ. राजकन्या म्हणजे वाटभर त्याच्याशी भांडत आलेली त्याची लेक. पिंगल म्हणजे त्याचा शेजारी, आणि धवलक मीच होतो." गृहस्थाची मान खाली गेली. "पंख वाढले की सोडून दे," म्हणत त्याने पोपटाचा पिंजरा लेकीच्या हाती दिला.

बलवंतासमोर न नमता दुबळ्याला अभय देणे, हीच मैत्रीपारमिता, म्हणजे मैत्रीभावाची परिपूर्णता.