टोल्याविना कड्या

"छिन्नीचा एकही टोला कानावर येता कामा नये! आणि दसऱ्याच्या आत नव्या हत्तीखान्याच्या सगळ्या भिंती उभ्या राहून त्यांत कड्या बसल्या पाहिजेत! नाहीतर गवंडी बायकापोरांसकट राज्याबाहेर!"

राजा भैरवसेनाचा हा हुकूम ऐकून दरबार गार पडला. चुना, खडी आणि विटांची भुकटी गुळाच्या पाण्यात कालवायची, फळ्यांच्या साच्यात ओतायची, अशी ती भिंत. वाळली की लोखंडाला लाजवायची. तिच्यात भोक पाडून हत्तीच्या साखळीसाठी एक कडी बसवायची, तर गवंड्याचा दिवस जायचा. भिंतीला तडा गेला तर पुन्हा पहिल्यापासून! आणि त्या ठोकाठोकीत महाराजांची दुपारची झोप उडायची.

म्हाताऱ्या सटवाजी गवंड्यानं हात जोडले. "महाराज, टोला न घालता भोक पडायचं कसं?"

"ते मला विचारू नकोस!"

तेवढ्यात सिंहासनामागून आवाज आला, "हं, हं... सोपं आहे."

आवाज बाबलचा होता. बाबल म्हणजे महाराजांना वारा घालणारा चाकर. महाराज झोपले की पंखा मांडीवर ठेवून तोही डुलकी काढायचा. हल्ली महाराजच झोपत नव्हते. त्यामुळे बिचारा उभ्या उभ्या झोपायला शिकला होता.

"सोपं आहे?" महाराज गर्रकन वळले.

बाबलनं डोळे चोळले. "महाराज, मी झोपेत बोललो."

"मग जागेपणी करून दाखव! नाहीतर गवंड्यांच्या पुढं तू!"

घरी बायको शेवंतीनं कपाळाला हात लावला. "अहो, जागेपणी तुम्हाला स्वतःचे जोडे सापडत नाहीत. झोपेत कशाला शहाणपण?"

"जागेपणी शहाणपण येतच नाही ना!" बाबल कसनुसा हसला. "म्हटलं, झोपेत तरी बघावं."

हसला खरा, पण ताट बाजूला सारलं त्यानं. सटवाजीची सून पोटुशी होती. ती कुठे जाणार होती डोंगर तुडवत? तो उठला आणि हत्तीखान्यावर गेला. नुकत्याच भरलेल्या साच्यातल्या ओल्या चुन्यात हातातली काठी खुपसून शेजारी विचार करायला बसला. विचार राहिला बाजूला, घोरणं सुरू झालं! जाग आली ती तिन्हीसांजेला. तसाच डोळे चोळत घरी आला.

चार दिवसांनी शेवंतीनं विचारलं, "काठी कुठाय?"

बाबल धावत गेला. काठी होती तिथंच, पण ती निघेना! दोन्ही हातांनी ओढली, भिंतीला पाय लावून ओढली. शेवटी हात सुटले आणि बाबल चुन्याच्या ढिगात उताणा!

गवंडी खो-खो हसले. सटवाजी म्हणाला, "छिन्नीनं मोकळी करू का रे?"

"नको बाबा! माझ्या काठीपायी तुझं बिऱ्हाड उठायचं!" बाबलही हसत सुटला. हसता हसता एकदम थांबला. चुन्यानं माखलेला तसाच उठला आणि ओरडला, "सटवाजी, सुताराला बोलव! आणि सगळ्या कड्या आण!"

दसऱ्याला महाराज हत्तीखान्यात आले. भिंती उभ्या, कड्या रांगेत, तडा एकाही जागी नाही. आणि इतके दिवस टोला म्हणून ऐकू आला नव्हता!

"चिकटवल्या असतील," महाराज गुरगुरले. "हत्ती बांधा!"

सर्वांत दांडगा हत्ती बांधला. माहुतानं समोर उसाची मोळी टाकली. हत्तीनं हिसडा मारला. साखळी ताणली, बाबलनं डोळे मिटले, शेवंतीनं देव आठवले. कडी तसूभरही हलली नाही!

"बाबल!" महाराज थक्क झाले. "वाळल्या भिंतीत छिन्नीशिवाय कडी बसवलीस तरी कशी?"

"मी कुठे बसवली, महाराज? माझ्यासारख्या आळशानं भिंत फोडायची कशाला? साच्याच्या फळीला आधीच भोक पाडलं, कडीचा दांडा आत सोडला, कडी बाहेर बांधून ठेवली आणि वरून चुना ओतला. लोक भिंतीत कडी बसवतात, मी कडीभोवती भिंत बसवली!"

महाराज पोट धरधरून हसले. "गवंड्यांना पोशाख द्या! आणि बाबल, आजपासून साऱ्या बांधकामाचा मुकादम तू!"

"नको, महाराज!" बाबल त्यांच्या पायांवरच पडला. "मुकादमाला दिवसभर जागं राहावं लागतं!"

महाराजांना पुन्हा हसू आवरेना. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून बाबलच्या मनगटात घातलं आणि दवंडी पिटवली, की दुपारी महाराज जागे असोत वा झोपलेले, बाबलला कुणी उठवायचं नाही!