चौथ्यांदा विचारलेला प्रश्न

संस्थानातल्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली, तेव्हा दुर्गाबाई आगाशे मुलाखत देऊन आल्या. दिवाण म्हणाले होते, “आठवड्यात कळवतो.” दोन महिने लोटले. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. त्या चौथ्यांदा कचेरीची पायरी चढल्या.

“माझ्या मुलाखतीचं काय झालं, दिवाणसाहेब?”

दिवाण भर कचेरीत कडाडले, “तोच प्रश्न किती वेळा विचाराल, बाई?”

“उत्तर येईपर्यंत विचारायचा, आणि चिडायचं नाही. शिक्षिकेचं कामच ते.”

कारकुनांनी हसू दाबलं. दिवाण खाली बघत पुटपुटले, “जागा माझ्या मेहुणीला दिली. पहिल्याच दिवशी.”

“आलं म्हणायचं एकदाचं उत्तर,” असं म्हणून दुर्गाबाई निघाल्या. फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही.